दुपारची बॅच

डायलिसिसच्या खोलीत दुपार झाली की सगळं पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. हिरवे पडदे, यंत्रांची एकसुरी घरघर, नळ्यांतून फिरणारं गडद रक्त, आणि अर्धवट झोपेत बोलणारी माणसं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून मी अशा कितीतरी दुपारी काढल्या. बाहेर जालना रोडवर हॉर्न वाजत असायचे. ते दुसऱ्याच कुठल्या तरी गावातून येत आहेत असं वाटायचं.

अण्णा आठवड्यातून तीनदा तिथं जात, दुपारीच, आणि त्याच माणसांबरोबर. शेजारच्या खाटेवर चितेगावच्या काकू, पलीकडे खुलताबादचे टेलरचाचा. किडनी निकामी झालेल्यांना पाणी मोजून प्यावं लागतं. त्यावर या तिघांनी एक खेळ काढला होता. यंत्रं सुरू झाली की काकू विचारायच्या, "बोला, सपनात काय पिलं?"

"उसाचा रस. बर्फ टाकून," अण्णा डोळे मिटून सांगायचे.

"मी बाई हंडाच तोंडाला लावला."

"मैं तो जायकवाडी पे गया था," चाचा म्हणायचे. "पूरा धरन पी गया."

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. "पाणी कशानं कमी झालं ते आज कळलं," ते म्हणायचे.

यंत्राला लावण्याआधी वजन करत. पण कुणाचं जास्त भरलं, म्हणजे पाणी जास्त प्यायलं गेलं असलं, की बाकीचे दोघं त्याला सोलून काढत. "सपनातल्या रसानं वजन वाढत नाय, अण्णा. रात्री माठापाशी गेला होता, व्हय?" अण्णा लहान मुलासारखे ओशाळायचे आणि पुढचे दोन दिवस घोट-घोट मोजायचे.

मी व्यवस्थापनशास्त्र शिकवतो. संस्था कशी चालते हे पाहायचं, त्यावर लिहायचं, आणि लिहिलेलं धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोचावं अशी आशा करायची, हे माझं काम. बहुतेकदा ते पोचत नाही. एकदाच पोचलं.

एका दुपारी काकू भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. त्यांची खाट तासन् तास रिकामी राहिली. दाराबाहेर एक बाई नवऱ्यासाठी जागा मिळेल का म्हणून विचारत होती. सगळ्या बॅच भरलेल्या आहेत, असं ऐकून ती गेली. जाताना तिनं दाराच्या काचेतून त्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. ते पाहणं मला सोसलं नाही. मी रुग्णालयाची परवानगी घेऊन अभ्यास केला आणि सुचवलं: त्याच रुग्णांना तीच वेळ, अशा कायमच्या बॅच ठेवू नका. जी वेळ मोकळी असेल ती रुग्णाला आदल्या दिवशी कळवा. यंत्र रिकामं राहणार नाही, नव्यांना जागा मिळेल.

रुग्णालयानं ते केलं आणि खरंच नव्या रुग्णांना जागा मिळाली. त्या बाईच्या नवऱ्यालाही. हे मला आजही चुकीचं म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ते मनातून जात नाही. सरकारच्या आरोग्य सल्लागार समितीला कल्पना आवडली. जिल्ह्यातल्या इतर केंद्रांसाठीही तसाच आदेश निघाला, काही काळ करून पाहायला म्हणून. माझ्या शोधनिबंधातली दोन वाक्यं त्या आदेशात जशीच्या तशी होती. मी ती अण्णांना अभिमानानं वाचून दाखवली.

"म्हणजे आता काकू कधी येणार अन् मी कधी?" त्यांनी विचारलं.

मी आदेश पुन्हा चाळला; वेळ आदल्या दिवशी कळेल, एवढंच त्यात होतं.

अण्णा कधी पहाटे जाऊ लागले, कधी संध्याकाळी. शेजारी दर वेळी वेगळा चेहरा. ते बोलेनासे झाले. वजन वाढून येऊ लागलं. रात्री धाप लागायची, उशांना टेकून बसून राहायचे. मी माठाला झाकण घातलं, तर ते बाथरूममधल्या नळाचं पाणी पीत असल्याचं पत्नीनं पाहिलं. एका सकाळी मी गाडी काढली आणि ते उंबऱ्याशीच बसले.

"मी नाय येत. जेवढे दिवस जगायचं तेवढे जगीन."

मी रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. "सर, तुमच्या वडिलांना दुपार देऊ. एकट्यासाठी करता येईल. सगळ्यांसाठी नाही; आदेश आहे. तुम्हाला मी काय सांगायचं?"

वशिला लावायची लाज वाटत असतानाही मी आनंदानं घरी आलो. अण्णांना सांगितलं.

"एकट्यानं दुपारी जाऊन भिंतीशी बोलू का? बाकीचे कुठंयत?"

सवलत एका माणसाला देता येते. सोबत अशी एकट्याला कशी देणार? इतकी वर्षं मी संस्थेतल्या नात्यांवर वर्गात बोलत होतो, आणि माझ्या हातून नेमकं तेच मोडलं होतं.

त्या दिवशी चाचांचा फोन आला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी टाळतो. "अन्ना, तुमची सकाळ बजाजनगरच्या एका पेशंट पोराला द्या, त्याला दुपारी ड्यूटी है. त्याची दुपार तुम्ही घ्या. मैं भी बदल लिया." काकूंनीही कुणाशी तरी वेळ बदलली. नोंदणीच्या टेबलावरच्या सिस्टर नुसत्या "बरं" म्हणाल्या. हळूहळू दुपार पुन्हा जमली. अण्णा शर्टाची बटणं लावत दारात उभे राहू लागले. पुन्हा त्या खोलीतली ती पेंगुळलेली कुजबुज सुरू झाली. मी स्टुलावर बसून ती ऐकायचो; मधेच माझाही डोळा लागायचा.

मग समितीनं पाहणीचं काम माझ्याकडेच दिलं: प्रयोग यशस्वी झाला का? माझे वडील तिथले रुग्ण आहेत, हे मी कळवलं. "उलट चांगलंच की, तुम्हाला आतलं माहीत असेल," असं उत्तर आलं.

आतलं मला माहीत होतं. आकडे सुंदर होते, यंत्रं रिकामी राहत नव्हती. पण ती नुसत्या माझ्या योजनेमुळं भरलेली नव्हती. ज्याला यायला जमत नसे, तो स्वतःच फोन करून बदली शोधत होता. हे लिहिलं, तर आदेशाविरुद्ध चालतं म्हणून बंद पाडतील, आणि अण्णा पुन्हा उंबऱ्याशी बसतील. नाही लिहिलं, तर योजना यशस्वी ठरेल, राज्यभर जाईल, आणि चाचांसारखं कुणी नसलेल्या केंद्रांत माणसं एकेकटी पडतील.

मी तिघांनाच विचारलं, यंत्रं चालू असताना.

"कायकू लिखना साब? चुपचाप चल रा ना," चाचा म्हणाले.

"ह्यांच्या लिहिण्यानंच तर झालंय सगळं," काकू छताकडे बघत म्हणाल्या. "आता अजून लिहा."

त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. अण्णा झोपले आहेत असं मला वाटलं होतं.

"पैठणच्या सेंटरात कोण बदलून देतं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. बहुतेक कुणीच नाही."

"मग लिही." ते म्हणाले, "सिस्टरचं नाव नको घालू."

मी सगळं लिहिलं. योजनेनं जागा वाढली, हेही लिहिलं. वेळा कळवून झाल्या की रुग्णांना आपसात बदलू द्या, ज्यांना एकत्र यायचं आहे त्यांना येऊ द्या, आणि माझ्या पहिल्या निबंधात हे मी पाहिलं नव्हतं, असंही. अहवाल पाठवल्यावर समितीच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. आपसातल्या अदलाबदलीचा भाग गाळता येईल का, त्यानं निष्कर्ष गोंधळतो, असं ते सौम्यपणे म्हणाले. मी नाही म्हणालो. पुढच्या बैठकीत विषय ठेवतो, म्हणाले.

तेव्हा मी रुग्णालयाच्या आवारातच उभा होतो. आत जाऊन अण्णांना उठवलं. डायलिसिसनंतर ते हलके, जरा परक्या देशातून आल्यासारखे असतात. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते सावकाश चालत होते.

"काय म्हणाले?"

"बैठकीत ठेवतील."

"अन् बंद केलं तर?"

"माहीत नाही, अण्णा."

ते गाडीत बसले, मान मागं टेकली. क्रांती चौकाच्या सिग्नलला मला वाटलं, झोपले.

"शनिवारी जरा लवकर काढ गाडी," ते डोळे मिटूनच म्हणाले. "काकूंची चितेगाववरून यायची बस बंद झालीय. त्यांनाबी घेऊ."