उघडून ठेवलेली गाडी

गोवा राज्य झाले त्या मे महिन्यात सगुणाने अस्नोड्याच्या एका भाटकाराकडून, म्हणजे जमीनदाराकडून, लाल गाडी घेतली. दोन सीटांची, उघड्या टपाची, पोर्तुगिजांच्या काळात इटलीहून आलेली. भाटकाराचे कुटुंब कायमचे लिस्बनला निघाले होते. सगुणाने त्याचा पाण्याचा पंप कधीतरी चालू करून दिला होता, म्हणून गाडी परवडेल अशा भावात मिळाली.

ती अस्नोड्याहून डिचोलीला, सगुणाच्या घरी, स्वतःच्या चाकांवर आली. वाटेत एकदाही अडखळली नाही. हे आधी सांगायला हवे, कारण पुढे लोक म्हणत की सगुणाने भंगार आणून दारात उभे केले. ते भंगार नव्हते.

त्याची बायको पद्मावती पदराला हात पुसत अंगणात आली. तिने गाडीला हळदकुंकू लावले आणि विचारले, "आयतवारी पार्सेक जावया?"

पार्से तिचे माहेर. तिथे तिचा धाकटा भाऊ बाबाजी काजूच्या बागा बघत होता.

"जावया," सगुण म्हणाला. "पण आधी एकदा उघडून बघतंय."

"चलता ती उघडून काय बघतलास?"

"चलता ती कशी चलता, ता बघूक व्हया."

सगुण खाणीवर फिटर होता. पावसाळ्यात नदीतून खनिज नेणारे बार्ज थांबत, खनिज निघत नसे, आणि वर्कशॉपात प्रत्येक डंपर उघडला जाई. बिघडलेला असो वा नसो. सुटा करायचा, धुवायचा, घासायचा, आवळायचा. असे केले नाही तर यंत्र हंगामात दगा देते, हे सगुणाच्या अंगात मुरलेले होते. न उघडलेल्या यंत्रावर त्याचा विश्वास नव्हता.

जूनमध्ये त्याने लाल गाडीचे इंजिन उघडले. आत खराब असे काही निघाले नाही. त्याने सगळे धुतले आणि पुन्हा बसवायला घेतले. डंपरच्या इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे जड झाकण, बसवताना पान्यावर पाइप चढवून दोघे जण लोंबकळत. इथे तो एकटा होता, पण हात तोच होता. गाडीचे इंजिन अॅल्युमिनियमचे. तिसऱ्या बोल्टला पाना अचानक हलका झाला. भोकातले आटे गेले होते.

म्हापशाचा शंभू मोटारींचा मेस्त्री. त्याने वाकून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"सगुण, हो तुझो डंपर न्हय रे. पानो दोन बोटांनी धर."

"ढिलो रवलो तर?"

"ढिलो रवलो तर परत आवळशीत. आटे गेले तर खयसून हाडशीत?"

सगुणाने भोक मोठे केले, खाणीच्या लेथवर जाड बोल्ट काढला आणि बसवला. काम देखणे झाले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याने इंजिन चालू केले, तर तेल दुधाच्या चहासारखे झाले. हेड वाकले होते आणि पाणी तेलात उतरत होते.

पद्मावती चतुर्थीला बसने पार्सेला गेली. बाबाजीने विचारले तेव्हा सगुणाने सांगून ठेवलेले उत्तर तिने दिले, "अजून थोडा काम बाकी आसा."

पुढची वर्षे अशीच गेली. गॅस्केट मुंबईहून यायचे आणि ते बसेपर्यंत दुसरे काही जायचे. गाडी उभी राहिली म्हणून ब्रेकचे रबर कुजले. रबर बदलले तोवर दमट हवेने पायाखालचा पत्रा खाल्ला. पत्रा मारला तेव्हा टायरना भेगा पडल्या होत्या, आणि त्या मापाचे टायर गोव्यात कुणाकडे नव्हते. दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळेनात. खाणींची लाल धूळ आत जाऊ नये म्हणून सगुणाने त्यांना डंपरचा एअर फिल्टर लावला, तर इंजिनाचा श्वासच कोंडला. एका मार्च महिन्यात गाडी बाजारापर्यंत गेली. गतिरोधकाला पोट घासले आणि सायलेन्सर रस्त्यात पडला. त्या पावसाळ्यात त्याने सायलेन्सर तर जोडलाच, पण चालू असलेले इंजिनही पुन्हा उघडले.

रस्त्यावर न येणाऱ्या गाडीचा कर आणि विमा तो भरत राहिला. ओव्हरटाइम तिच्यात गेला. सुटे भाग मातीत ठेवता येत नाहीत म्हणून शेडला कोबा घातला. स्वयंपाकघराला मात्र शेणाचीच जमीन राहिली. दर काही दिवसांनी पद्मावती गुडघ्यांवर बसून ती सारवायची. "हयसर कोबो कधी?" तिने दोनतीनदा विचारले, मग सोडून दिले. सगुण आळशी नव्हता. तो दमून झोपायचा आणि उठून पुन्हा पाना घ्यायचा. इतके राबणारा माणूस चुकत असेल असे घरात कुणाला म्हणवत नसे.

बाबाजीला म्हणवत असे. चतुर्थीच्या पंगतीत तो हटकून विचारी, "भावजी, गाडी बाळंत झाली काय नाय?"

सगुण निवृत्त झाला, आणि मागोमाग खाणीही बंद पडल्या. डंपर जागच्या जागी गंजले. त्या हिवाळ्यात शंभूला पुण्याच्या भंगारवाल्याकडे लाल गाडीला बसेल असे एक जुने हेड मिळाले. तो ते घेऊन आला आणि म्हणाला, "तू बाकड्यार बस. हात लावू नको."

सगुण बसला. शंभू दोन बोटांनी पाना फिरवत होता. प्रत्येक बोल्टला सगुणाचे खांदे आपोआप ताठ होत, आणि शंभू वर न बघता म्हणे, "रे, बस." संध्याकाळी इंजिन चालू झाले. गाडी अस्नोड्याहून आली होती त्या दिवसासारखे.

रविवारी सगुण दारात उभा राहिला. "चल गो. पार्सेक जावया."

पद्मावतीने ठेवणीतले लुगडे नेसले, अबोलीचा वळेसर माळला. गाडीची सीट जमिनीपासून वीतभर उंच. तिने दार धरले, एक पाय आत घातला आणि वाकली. गुडघा वळेना. सगुणाने काखेत हात घालून धरले. पुन्हा वाकली, आणि तोंडातून आवाज आला. त्याने सीटवर दोन उशा ठेवून पाहिल्या, तर पाय डॅशबोर्डखाली जाईनात. अंगणात उभी राहून ती हसू लागली.

"ह्या गाडयेक नवी न्हवरी व्हयी होती," ती म्हणाली. "तेव्हा होतंय मी."

सगुणाची नजर घराकडे गेली. स्वयंपाकघराचे दार उघडे होते. तिने त्याच सकाळी सारवलेली जमीन अजून ओली होती.

"बाबाजीन जेवण केल्यान आसतला," ती म्हणाली. "मी बसान येतंय. तुमी गाडी हाडा."

ती बसमध्ये चढली. सगुण बसच्या मागे निघाला. रिकामा रस्ता मिळाला तरी त्याने गाडी पुढे काढली नाही. बस थांब्यावर थांबली की तोही थांबे. म्हापशाला ती बस बदलून मागच्या सीटवर बसली, तेव्हा काचेतून तिचा वळेसर दिसत राहिला. कोलवाळचा पूल आला, धारगळ मागे पडले. इंजिन एका सुरात चालत होते. बाजूच्या सीटवर दोन उशा होत्या.

पार्सेच्या तिठ्यावर बाबाजी उभा होता. त्याने बसमधून उतरणारी बहीण पाहिली आणि मागून येणारी लाल गाडीही.

"बाय, गाडी आयली, मगे तू बसान कित्या?"

पद्मावतीने एक हात गुडघ्यावर ठेवला, मग उचलून पदर सारखा केला.

"अजून थोडा काम बाकी आसा," ती म्हणाली. "खयतरी अडाकता, म्हणान ह्यांनी माका बसवंक नाय."

बाबाजी हसला. "अजून? ह्या जन्मात पुरा जायत मगे?"

सगुण गाडीतून उतरला. त्याने बॉनेट उघडले आणि आत वाकून उभा राहिला. आत करण्यासारखे काही नव्हते.