जिन्नाप्पाचा पासवर्ड बरोबर होता

जिन्नाप्पा गेल्याचा त्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी रंकाळ्यावर आमच्या बाकावर बसलो होतो. तो आजारी पडल्यापासून एकटाच बसत होतो. त्याच्यामागे घरात जे बोललं गेलं ते खरं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्याच्या मुलीने, पद्माने, जातीबाहेर लग्न केलं आणि ती कागलला गेली. त्यानंतर जिन्नाप्पा तिच्याशी बोलला नाही. त्याच्या बायकोने, सुशीलावहिनींनी, शेवटच्या आजारपणात तिच्यासाठी संगणकावर आपलं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्या गेल्यावर जिन्नाप्पाने मला बोलावलं. "हे पोरीचं हाय. दुसऱ्या कुणी ऐकाया नको." मी म्हटलं, "मग देऊन टाक की तिला." "देतो की. जरा राग उतरू दे..." कुणाचा, ते मी विचारलं नाही. नोकरीत संगणकावरच काम केल्याने फाईलला कुलूप लावणं मला जमत होतं. फाईल माउसने ओढून कुलपाच्या प्रोग्रॅमच्या चौकटीत टाकली, पासवर्ड दोनदा लिहायला सांगितला. तो एका बोटाने, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाईप करू लागला. पद्माचं लाडाचं नाव, चिमीबाई. मी म्हटलं, "अरं, पासवर्ड हाय त्यो! गल्लीला सांगतोस व्हय?" "गल्लीत कोण चिमी म्हणतंय तिला?" बटण दाबलं, फाईलवर कुलपाचं चित्र आलं. "एवढंच व्हय? मला वाटलं, लई मंत्र म्हणावं लागत्यात."

पासवर्डबरोबर किल्लीची एक वेगळी फाईल जोडायची सोयही तिथे होती; मग दोन्ही असल्याशिवाय कुलूप उघडत नाही. गरज नव्हती, मला येतं हे दाखवायला मी ती जोडली. ती संगणकातच राहिली, आपोआप लागायची, म्हणून त्याच्या लक्षातही राहिली नाही. पुढे संगणक मंद झाला, तेव्हा मीच तो पुसून नवा केला. कुलूपबंद रेकॉर्डिंग आधी पेनड्राइव्हवर घेतलं होतं. किल्ली घ्यायची राहिली... पेनड्राइव्हवरून उघडून पाहिलंही नाही.

दवाखान्यात जिन्नाप्पाने पद्माला बोलावून पेनड्राइव्ह दिला, कानात पासवर्ड सांगितला. तो गेल्यावर ती माझ्याकडे आली. पडद्यावर आलं, पासवर्ड चुकीचा. "राग गेलाच न्हवता बघा काका त्यांचा. माझंच नाव सांगून फसवलं मला." चूक कुठे झाली ते मला तेव्हाच कळलं; किल्ली नसली तरी पडद्यावर हेच येतं. मी म्हणालो, "वय झालं होतं, विसरला असेल."

तो विसरला नव्हता. ती किल्ली आता परत मिळणार नाही, जाणकारांना विचारून झालं आहे.

गेल्या आठवड्यात कागलला जाऊन पद्माला हे सगळं सांगितलं. आणखी एक सांगायचं होतं. कुलूप लावलं त्या दिवशी आम्ही ते एकदा उघडून पाहिलं होतं. वहिनींचं पहिलं वाक्य ऐकू आलं, "चिमे, जेवलीस का गं?" आणि जिन्नाप्पाने आवाज बंद केला. "फुडचं तिचं."

पद्मा म्हणाली, "काका, आई कशी म्हणाली? तसंच म्हणा." मला जमेल तसं म्हटलं. तिने उठून पेनड्राइव्ह लावला. उघडणार नाही हे ठाऊक असूनही ती एका बोटाने टाईप करू लागली, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत...