परबकाकांचं स्टूल

जुनं घर फोडलं की डेब्रिजच्या गोण्या निघतात. त्या टेम्पोत भरल्या की आपली सुटका. किस्से मात्र कुठलाच टेम्पोवाला उचलत नाही! पंचवीस वर्षं मी उपनगरातले जुने फ्लॅट नवे करून देतेय. मुलुंडला माझं छोटंसं आर्किटेक्टचं ऑफिस आहे आणि तिथे फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

यातले निम्मे किस्से परबकाकांमुळे घडले आणि उरलेले परबकाकांचं न ऐकल्यामुळे. परबकाका आमचे मुख्य मिस्त्री. मूळ मालवणकडचे, राहायला दहिसरला. त्यांची एक पद्धत आहे. काम घेतलं की हातोडी लावायच्या आधी ते त्या घरात एक अख्खा दिवस स्टूल टाकून बसतात. नुसते बसतात! ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, पाणी कुठे मुरतं, घरातलं माणूस कुठे जाऊन टेकतं, हे बघत राहतात.

"म्याडम, माणूस खोटा बोलात, घर खोटा बोलणा नाय," असं त्यांचं म्हणणं.

क्लायंट वैतागतात. "हे नुसते बसलेत काय? काम कधी सुरू करणार?" मग मी काकांची बाजू घेते आणि मनातल्या मनात क्लायंटला हसते.

गेल्या वर्षी माझ्याच घराचं काम निघालं. मुलुंडचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, चाळीस वर्षं जुना. राहणारे दोघंच, मी आणि माझे वडील. आप्पा एक्क्याऐंशीचे आहेत. काम होईपर्यंत त्यांना नाहूरला भावाकडे ठेवलं. जाताना ते म्हणाले, "परत आल्यावर आठ दिवस राहून बघीन. आपलं वाटलं तर राहीन, नाहीतर कायमचा नाहूरला." आप्पा बोलले म्हणजे बोलले. पण त्याबद्दल नंतर. आधी लोकांना हसून घेऊ!

*

बोरिवलीला नॅशनल पार्कच्या बाजूला एक जोडपं. दोघंही आयटीत. घराच्या खिडक्यांना जुन्या मालकाने जाडजूड ग्रिल लावलेलं.

"हे जेलसारखं वाटतं. व्ह्यू कट होतो," नवरा म्हणाला.

काकांनी दिवसभर बसून रिपोर्ट दिला, "ह्या ग्रिल चोरांसाठी नाय, माकडांसाठी लावलला."

दोघं इतके हसले! ग्रिल काढलं, मोठ्या सरकत्या काचा लावल्या. वास्तुशांतीनंतर चौथ्या दिवशी बाईंचा मला फोन, आवाज कुजबुजता. "मॅडम, आम्ही बेडरूममध्ये कडी लावून बसलोय. हॉलमध्ये पाच जण आहेत. एकाने फ्रीज उघडलाय!"

मी फोन काकांकडे दिला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्येंकाव व्ह्यू आवडलो असात."

*

मनोरीला एकांचं जुनं बैठं घर. अंधेरीचे शेठ, शनिवार-रविवार तिथे जाणार. समुद्र हाकेच्या अंतरावर. त्यांना रेलिंग लोखंडीच हवं होतं आणि त्याला गंजलेला लूक हवा होता. त्यासाठी खास रंग येतो, तो मारायला खास माणूस येतो. शेठनी मोबाइलवर फोटो दाखवले. परदेशातलं कुठलंतरी घर, मस्त गंजलेलं.

काकांनी फोटो बघितला, समुद्राकडे बघितलं. "शेट, चार म्हयने थांबा. दर्यो फुकट करून दितलो!"

शेठ थांबले नाहीत. नव्या कोऱ्या लोखंडाला गंजाचा रंग मारला. पुढच्या वर्षी रेलिंगला टेकून सेल्फी काढायला गेले आणि रेलिंगचा तुकडा हातात आला. बरं, खोटा गंज कुठला आणि खरा कुठला, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. खास माणूसही फोन उचलत नव्हता.

*

घाटकोपरचा क्लायंट तर अजब होता. तळमजल्याचा फ्लॅट, गल्ली सखल. जुन्या लोकांनी दाराला दीड वीत उंच उंबरठा बांधलेला. ह्यांना तो तोडायचा होता. का? तर ह्यांनी झाडू मारणारा रोबोट घेतला होता आणि त्या रोबोटला उंबरठा ओलांडून पॅसेजमध्ये जाता येत नव्हतं!

"अरे बाबा," मी म्हटलं, "चाळीस वर्षं माणसं पाय उचलून गेली ना इथून?"

"मॅडम, थोडा मॉडर्न विचार करा ना!"

केला मॉडर्न विचार. घर ते पॅसेज एका लेव्हलला आणलं. जुलैत गल्लीत पाणी भरलं आणि तेही त्याच लेव्हलने, पाय न उचलता आत आलं. क्लायंटने व्हिडिओ पाठवला. हॉलमध्ये घोटाभर पाणी आणि त्यात रोबोट गोल गोल फिरतोय. खाली लिहिलेलं, "आता काय करू?"

काकांनी व्हिडिओ दोनदा बघितला. "चला, तो तरी पोवाक शिकलो."

*

अंधेरीचे सावंत, काकांच्याच मालवणकडचे. घरात सुकट, बांगडा, तिखलं, सगळं जोरात. पण किचन ओपन हवं! भिंत पाडायची, पांढराशुभ्र ओटा, समोर उंच खुर्च्या. काका एक दिवस बसले, भरपूर जेवले आणि म्हणाले, "ही भिंत रवांदे. हिच्याच जिवावर हॉलात बसूक गावता." सावंतांनी ऐकलं नाही. गाववाल्याचं कोण ऐकतो!

सहा महिन्यांनी मी सहज गेले. किचन लखलखीत, ओट्यावर फक्त एक चहाची किटली. मला आनंद झाला. म्हटलं, "किती छान ठेवलंय हो वहिनी!"

सावंतवहिनींनी मला हाताला धरून मागे नेलं. कपडे वाळत घालायच्या अडीच फुटी बाल्कनीत एक सिंगल शेगडी, वर जुन्या साडीचा पडदा, फळीवर मसाल्याचे डबे. "स्वयंपाक इथे. पुढे हळद ओट्यावर चढते आणि सुकट सोफ्यावर. पुढचं दाखवायला आहे हो!"

थोडक्यात, लाखभर गोष्टी बदलून सावंतांनी जुनंच बंद किचन परत बांधलं होतं, फक्त आकाराने पाव!

*

आता घरचेच लोक. नाहूरला माझ्या भावाचा फ्लॅट रुळांच्या अगदी कडेला. वहिनीला हॉलमध्ये काचेचं झुंबर हवं होतं. काकांनी बजावलं होतं, रुळांजवळ लटकती काच नको. वहिनी म्हणाली, "मिस्त्रींना काय कळतं डेकोरेशनमधलं?"

तेव्हापासून गाडी गेली की झुंबर वाजतं. स्लो गेली की हळू किणकिण, फास्ट गेली की जोरात. मालगाडी गेली की वहिनी उठून झुंबराला हात लावून उभी राहते. पाहुणे आले की बोलणं तोडून सगळे वर बघतात.

आप्पा तिथे अडीच महिने राहिले आणि त्यांना ते झुंबर जाम आवडलं! डोळे मिटून सांगायचे, "ही फास्ट." दहापैकी नऊ वेळा बरोबर. फोनवर मला म्हणाले, "निदान काहीतरी बोलतं गं इथे." मी हसले. तेव्हा मला कळायला हवं होतं.

*

तर, माझं घर. काका पहिल्याच दिवशी स्टूल घेऊन आले. मी म्हटलं, "काका, हे माझं स्वतःचं घर आहे. मी इथेच वाढले. इथे बसून काय बघणार?" शिवाय एक मासिकवाले फोटो काढायला येणार होते. घाई होती. काकांनी स्टूल काखेत मारलं आणि गेले.

आमच्या हॉलला रस्त्याकडे एक मोठी खिडकी. आप्पांची खुर्ची तिथेच. गजाला दोरी बांधलेली, दोरीला पिशवी. खालून मासेवाली चंद्राबाई ओरडायची, "आप्पा, बोंबील!" आप्पा वरून घासाघीस करायचे, पिशवी खाली सोडायचे. पाववाला, पेपरवाला, समोरचे कुलकर्णी, सगळ्यांशी त्याच खिडकीतून बोलणं. मला त्या गोंगाटाचा वर्षानुवर्षं राग. मी गज काढले, दोरी फेकली आणि तिथे एकसंध साउंडप्रूफ काच बसवली. बाहेरून आतलं दिसणार नाही अशी. फोटो झकास आले!

शनिवारी आप्पा परतले. ते येणार हे खाली चंद्राबाईलाही कळलेलं होतं. सगळं घर फिरून बघितलं, "छान आहे" म्हणाले आणि खिडकीशी बसले. खाली चंद्राबाईचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज नाही. आप्पांनी हात हलवला. तिला दिसला नाही. आप्पांनी काचेवर टकटक केलं. तेही खाली पोचलं नाही.

पाच दिवस ते असेच बसून होते. बॅग दाराशी, तिच्यातले कपडे बाहेर काढलेलेच नव्हते. मी चहा विचारला की "हो" म्हणायचे, बस. मी जगाला हसणारी बाई, रात्री डोक्यावर पांघरूण घेऊन रडले.

गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात चंद्राबाई. टोपली तिने खाली जिन्यातच ठेवली होती. सुतकाच्या घरात मासे कसे आणायचे? पदराने डोळे पुसत म्हणाली, "ताई, आप्पा कवा गेले गो? रोज हाका मारतंय, वरून आवाज नाय, दोरी नाय. मना सांगाचा तरी व्हता!"

मागून खुर्चीतून आवाज आला, "शनिवारीच गेलो गं. बोंबील आणलेत का?"

चंद्राबाईने जी किंकाळी फोडली ती साउंडप्रूफ काचेतूनही कुलकर्ण्यांना ऐकू गेली असणार! मग ती हसायला लागली, मग आप्पा, आणि मग ती आप्पांना शिव्या देत जिना उतरून टोपली घेऊन आली.

मी तिथल्या तिथे काकांना फोन लावला, स्पीकरवर. "काका, खिडकी काढायचीय. उद्या येता?"

काका म्हणाले, "म्याडम, स्टूल हाडू काय हातोडो?"

दाराशी बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. घर साउंडप्रूफ असल्यामुळे तो अगदी स्पष्ट ऐकू आला.

"दोन्ही आण म्हणावं," बॅगेत वाकलेले आप्पा म्हणाले, "आणि दहा हात दोरी."