तावडेकाकांची टूलकिट, आप्पांचे पाने आणि काकीची सांडशी

आमच्या भोईवाड्याच्या चाळीत किस्से शोधावे लागत नाहीत. गाडीचं बोनेट उघडायचं आणि बाजूला उभं राहायचं. चार जण सल्ला द्यायला येतात, पाचवा काहीतरी पाडतो, आणि संध्याकाळपर्यंत तीच गोष्ट तळमजल्यावर एक आणि तिसऱ्या मजल्यावर भलतीच होऊन फिरत असते. मी आपला खालीच असतो. दहावीला गणितात लटकल्यापासून टाईम भरपूर.

बोनेट तावडेकाकांचं. काका ऑफिसात क्लार्क, रिटायरमेंटला आलेले. त्यांची लाल सेकंडहँड गाडी म्हणजे एकेकाळी चाळीतली पहिली गाडी. आता पाण्याच्या टाकीशेजारी कव्हर घालून उभी, आत मांजरीचं बाळंतपण झालेलं. गॅरेजवाला बोलावला तर त्याने बोनेटखाली बघितलं, हात न लावता बोनेट बंद केलं आणि म्हणाला, "काका, हिला आता शांतपणे जाऊ द्या."

काकांना ते लागलं. म्हणाले, मी स्वतः करतो.

काकी वरून म्हणाली, "घरातलं झुरळ मारायला मला हाक मारता."

*

काकांच्या घरात हत्यार म्हणजे एक पेचकस, तोही टीव्हीच्या रिमोटचा. गाडीचा हँडब्रेक मेलेला, कंपाउंडला गेटकडे उतार. म्हणून चाकामागे काहीतरी जड लावायला हवं होतं. काका वर गेले आणि काकीचा वरवंटा घेऊन आले. न विचारता.

काका बोनेटमध्ये डोकं घालून होते. काकीला चटणी वाटायची होती. ती खाली आली, वरवंटा दिसला, वाकून काढून घेतला.

गाडी मागे निघाली. जोरात नाही. विसर्जनाची मिरवणूक सरकते ना, तशी. काकांचं डोकं आतच, त्यामुळे तेही तिच्याबरोबर पुढे पुढे चालायला लागले.

"पिंट्या, काही हलतंय का रे?" आतूनच विचारलं.

"नाय काका," मी म्हणालो.

मग धाडकन आवाज झाला. मागे पेडणेकरांची स्कूटर होती. पेडणेकर म्हणजे आमच्या चाळीचे सेक्रेटरी. ते बनियनवर खाली धावत आले. काकी वरवंटा छातीशी धरून उभी. म्हणाली, "माझा होता, मी घेतला."

*

त्याच रविवारी मीटिंग लागली. आता आतली गोष्ट अशी की पेडणेकरांच्या मुलाने नवी गाडी बुक केली होती आणि कंपाउंडात चारचाकी मावेल अशी जागा एकच, टाकीशेजारची. हे सगळ्यांना माहीत होतं. मीटिंगमध्ये मात्र सगळे सेफ्टीवर बोलले.

ठरलं असं. दसऱ्याला सकाळी दहा वाजता गाडीने स्वतःच्या इंजिनवर गेटबाहेर जायचं, नाक्याला वळसा मारायचा आणि परत यायचं. धक्का मारायचा नाही. आली परत, तर जागा काकांची. नाही आली, तर भंगारवाला.

काकांनी मान डोलावली. घरी जाताना जिन्यात थांबून मला म्हणाले, "पिंट्या, आधी चांगली टूल्स पाहिजेत."

*

टूल्स निवडायला काकांनी गणपती ते घटस्थापना एवढा टाईम घेतला. रोज रात्री जेवण झालं की गॅलरीत बसून मोबाईलवर लोकांचे रिव्ह्यू मोठ्याने वाचायचे. एकाने पाच स्टार देऊन लिहिलेलं, अजून पेटी उघडली नाही. काका म्हणाले, हा माणूस प्रामाणिक वाटतो. आणि तोच सेट मागवला.

एकशे आठ नगांचा सेट. काकी म्हणाली, "गाडी दुरुस्त करायचीय की जप?"

पेटी झकास होती. प्रत्येक नगाला आपापला खड्डा. काकांनी सगळे नग बाहेर काढले, पुसले, नावं वाचली आणि परत जागेवर बसवायला घेतले. त्यातच रविवार गेला. संध्याकाळी सगळे खड्डे भरले आणि हातात एक नग उरला. छोटा, जाड, वर भोक.

तो नग मी टाकला होता. पण मला वाटलेलं दोन मिनिटांत ओळखतील.

काकांनी व्हिडिओ बघितले, माहितीपत्रक उलटंसुलटं वाचलं. शेवटी आप्पा घाड्यांना बोलावलं. आप्पा परळच्या गिरणीत फिटर होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण हत्याराचं नाव निघालं की जिन्याचा कठडा न धरता उतरतात. त्यांनी नग उजेडात धरला, फुंकर मारली आणि म्हणाले, "ह्यो व्हॉल्व सेट करूचो. आमच्या गिरणीत फक्त हेडफिटराकडे असायचो."

काकांनी वहीच्या कागदात गुंडाळून तो नग शर्टाच्या खिशात ठेवला. सोमवारी ऑफिसातही दाखवून आले.

मंगळवारी माझी आई खाली आली. काका मला व्हॉल्व म्हणजे काय ते समजावत होते. आईने त्यांच्या हातातून तो नग काढून घेतला, वर गेली आणि कुकर लावला.

*

आप्पांचं म्हणणं, बाजारातली टूल्स म्हणजे खेळणी. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांच्याबरोबर घरी आलेली लोखंडी पेटी त्यांनी खाटेखालून ओढून काढली. आत पाने. एकेक पाना एवढा जड की भांडणात उपयोगी पडावा.

प्रॉब्लेम एकच. आप्पांचे पाने इंचाचे आणि काकांच्या गाडीचे बोल्ट मिलिमीटरचे. पाना लावला की खुळखुळ वाजायचा. काकांनी हे दबक्या आवाजात सांगून बघितलं.

आप्पा म्हणाले, "पानो बरोबर आसा. बोल्ट चुकीचो बनवलेलो."

मग फटीत पत्र्याचा तुकडा घालून आप्पांनी जोर लावला. पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. बोल्ट सहा कोनी होता. जेवायच्या वेळेपर्यंत आप्पांनी त्याचा लाडू केला.

काका बाजूला बसून बघत होते. एकशे आठ नगांची पेटी बाजूला उघडी होती, त्यात बरोब्बर मापाचा पाना होता, आणि आप्पांसमोर तो उचलायची काकांची हिंमत नव्हती. चाळीत सगळे आप्पांना भिऊन असतात. लहानपणी त्यांनी काकांनाही कान धरून शाळेत सोडलंय.

आप्पा वर झोपायला गेले तेव्हा काकांनी हळूच आपला पाना लावून बघितला. आता तोही बसेना.

तो बोल्ट छिन्नीने तोडायला दोन दिवस गेले. आप्पा रोज खिडकीतून विचारायचे, "माझो पानो चललो मां?" आणि काका खालून म्हणायचे, "एक नंबर, आप्पा."

*

एक टूल काकांनी वेगळं मागवलं. टॉर्क रेंच. म्हणजे असा पाना की बोल्ट पुरेसा आवळला गेला की टक् असा आवाज करतो. टक् झालं की थांबायचं.

आता असा आवाज मला जिभेने काढता येतो. यात माझा काय दोष?

काका इंजिनच्या वरच्या झाकणाचे बोल्ट आवळत होते. मी बाजूला बॅटरीचा उजेड धरून. काकांनी पहिल्या बोल्टाला जरा पीळ दिला, मी टक्. काका खूश. दुसऱ्याला पाना टेकवला, टक्. पाचव्यापर्यंत काका मला म्हणायला लागले, "बघ, क्वालिटी म्हणतात ती ही. जोर लागतच नाही."

मग घाम पुसायला त्यांनी पाना खाली ठेवला. मी जरा नादात होतो.

टक्.

काकांनी जमिनीवरच्या पान्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. सगळे बोल्ट पहिल्यापासून आवळले, आणि आवळून होईपर्यंत मला जीभ बाहेर काढून उभं केलं. वरून काकी विचारत होती, पोराला ताप आहे का.

*

नवमीपर्यंत खरंच बरंच काम झालं होतं. प्लग बदलले, ऑइल बदललं, मांजर शिफ्ट झाली. राहिला होता फक्त सेल्फ, म्हणजे चावी फिरवली की इंजिनला पहिला धक्का देतो तो. काकांनी तो साफ करायला काढला होता. परत बसवून दोन बोल्ट आवळले की झालं. म्हणाले, आधी आंघोळ करून येतो.

ही चूक.

काका आंघोळ करून आले तर घरात पाट मांडलेला. त्यावर एकशे आठ नगांची पेटी उघडी, टॉर्क रेंच, छिन्नी, जॅक, रिमोटचा पेचकस. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. खंडेनवमीची हत्यारं पुजली होती काकीने. घरात पहिल्यांदाच हत्यारं होती, तिने मन लावून पूजा केली होती.

काका दारातच थांबले. म्हणाले, अगं, दोन बोल्ट राहिलेत.

"आज हत्याराला विश्रांती. उद्या नैवेद्य दाखवला की घ्या."

"नैवेद्य कधी?"

"स्वयंपाक झाला की. बारा तरी वाजतील."

"गाडी दहाला काढायचीय."

"मग देवाला कच्चं दाखवू?"

काका आप्पांकडे गेले. आप्पांची पेटीसुद्धा पुजलेली. मग मी आणि काका समोरच्या प्लंबरकडे गेलो तर त्याने पान्यांना हारच घातलेला. अख्ख्या भोईवाड्यात त्या दिवशी मोकळा पाना नव्हता. पेडणेकर गॅलरीतून विचारत होते, काय तावडे, आराम का आज? त्यांनी मुलाला फोनवर सांगितलेलंही मी ऐकलं, उद्या संध्याकाळी डिलिव्हरी घे, जागा होते आहे.

दुपारभर काका बंपरवर बसून होते. सेल्फ मांडीवर, फडक्यात गुंडाळलेला. मला गंमत करायला सुचेना, म्हणून मी पण बसलो.

चारच्या सुमाराला काकी उतरली. हातात सांडशी. चहाचं पातेलं उतरवायची, काळी पडलेली. काकांसमोर धरली.

"ही पुजलेली नाहीये. चालते का बघा."

काकांनी सांडशी हातात घेऊन दोनदा उघडझाप केली.

"आणि घासून परत करा. संध्याकाळचा चहा व्हायचाय."

काकांनी गाडीच्या खाली घुसून सांडशीने दोन बोल्ट आवळले. तासभर लागला. बाहेर आले तेव्हा म्हणाले, बसलाय, पण थोडा वाकडा बसलाय. एकदा लागेल. दुसऱ्यांदा लागेल असं मी लिहून देणार नाही.

*

दसऱ्याला दहा वाजता अख्खी चाळ खाली. गाडीला हार, चाकाखाली लिंबू. पेडणेकर गेटपाशी हाताची घडी घालून. डाव्या बाजूचं दार आतून धरून ठेवावं लागायचं, नाहीतर वळणावर उघडायचं. म्हणून काकीला बसवलं. तिने ओटा तसाच सोडला होता. "पाच मिनिटांत आले, भाजी बघ गं," असं माझ्या आईला सांगून नव्या साडीत बसली.

काकांनी चावी फिरवली. सेल्फ असा किंचाळला की टाकीवरची कबुतरं उडाली. आणि इंजिन लागलं.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांना वाटत होतं, आवाज केला तर बंद पडेल. गाडी हळूच गेटबाहेर गेली, गल्लीतून वळली, दिसेनाशी झाली.

नाक्याचा वळसा म्हणजे किती, पाच-दहा मिनिटं. अर्धा तास झाला. दादरच्या फुलबाजाराची गर्दी असेल, कोणीतरी म्हणालं. अकरा वाजले. काका फोन उचलेनात. बारा वाजले, आईने काकीची भाजी उतरवली. मी नाक्यापर्यंत धावत जाऊन आलो. रस्त्यात बंद पडलेली गाडी कुठेच नव्हती.

दोन वाजता पेडणेकर म्हणाले, "नियम म्हणजे नियम. परत यायला हवी होती." आप्पा म्हणाले, भंगारात घालूक आधी गाडी दाखव. पेडणेकरांनी तरी टाकीशेजारची जागा झाडून घेतली.

चारनंतर माझा फोन वाजला. काकी. मी स्पीकरवर टाकला, सगळे गोळा झाले. मागे इंजिन घरघरत होतं.

"काकी, कुठे आहात?"

"पनवेलच्या पुढे रे. एक हॉटेल आहे."

"काका?"

"चहा पितायत. मी त्यांच्या सीटवर बसलेय. पायाखालचं ते दाबून ठेवायला सांगितलंय, सोडलं तर बंद पडेल म्हणाले. त्यांचा झाला की ते बसतील, मग माझा चहा."

पेडणेकरांनी फोन माझ्या हातातून घेतला. म्हणाले, "वहिनी, अहो यू-टर्न नाही मिळाला का कुठे?"

"मिळाले की. तीन मिळाले," काकी म्हणाली. "मीच म्हटलं, राहू दे."