टॉवेलची मीटिंग

एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी नोकरी करते. माझं इंग्रजी जरा बरं आहे, म्हणून परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझ्याकडे. तिकडच्या एका बाईंशी पहिली व्हिडिओ मीटिंग आम्ही ऑफिसातूनच केली आणि त्या मीटिंगची पार वाट लागली. शेजारच्या शेडमध्ये माग चालू. मालक, डिझाइनवाले आणि मी एकाच लॅपटॉपपुढे दाटीवाटीनं बसलेलो आणि तिघंही एकदम बोलत होतो. मालकांनी टॉवेल कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरला, की बाईंना नुसतं निळं काहीतरी दिसलं. खडखडाटाशिवाय काही ऐकू आलं नाही, पुन्हा बोलू, असं त्यांनी सभ्यपणे सांगितलं.

मालक हिरमुसले. पुढची मीटिंग माझ्यावर सोपवा, असं मी म्हटलं. माग थांबवणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून मालक त्यांच्या घरून आणि मी माझ्या घरून बोलायचं ठरलं. रंग स्क्रीनवर ओळखत बसायला नको म्हणून नमुने आधीच कुरियरनं पाठवले. काय बोलायचं ते बाईंना मेलनं कळवलं. किमतीचं मालकांनी बोलायचं, बाकीचं मी, आणि एरवी त्यांचा माइक बंद. टेबल खिडकीसमोर ओढलं, लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवला. आईला मात्र दोनदा बजावलं, की मीटिंग चालू असताना या खोलीत यायचं नाही.

"माझं काय काम तिथं?" ती म्हणाली.

मीटिंग छान चालली होती. मग बाईंनी विचारलं, नवा टॉवेल पहिल्या धुण्यापर्यंत पाणी टिपत नाही, नुसतं पसरवतो; तुमचा कसा? बाकी सगळ्याची तयारी मी केली होती, या प्रश्नाची नव्हती. सुताचं काहीतरी सांगायला लागले, तेवढ्यात मागचं दार उघडलं. आई न्हाऊन कपाटातली तेलाची बाटली घ्यायला आली होती. डोक्याला आमचाच निळा टॉवेल गुंडाळलेला. मी हातानं खुणा करत होते, तर बाईंनीच विचारलं, तो तुमचाच का?

आमचाच, शिवण तिरकी गेलेला म्हणून कालच घरी आणलेला, अजून न धुतलेला, असं मी सांगितलं. त्यांनी आईला पुढं बोलावलं. आमच्या घरी तेलुगू. मी विचारलं तशी आईनं टॉवेल सोडला, केसांची बट कॅमेऱ्यासमोर धरली आणि तेलुगूत म्हणाली, "निम्मे वाळलेत बघ. पण टॉवेल आखूड आहे. माझ्या केसांना पुरत नाही."

मालकांनाही तेलुगू कळतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांचा चेहरा ताणला गेलेला दिसला. तरी मी तिन्ही वाक्यं इंग्रजीत सांगून टाकली.

बाई हसल्या. त्यांनी आपला नमुना उचलून डोक्याला गुंडाळून पाहिला, तर त्यांनाही तो पुरला नाही. थोडा लांब करून मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मालकांनी घाईघाईनं माइक चालू केला, देतो की, असं मराठीतच म्हणून गेले आणि मग इंग्रजीत बोलले. त्याच मीटिंगमध्ये लांब टॉवेलची पहिली ऑर्डर पक्की झाली.

लॅपटॉप मिटून मी स्वयंपाकघरात गेले. आई फुगून बसली होती.

"आधी सांगितलं असतंस तर बरी साडी तरी नेसले असते," ती म्हणाली.