फ्लेवोनचं विरजण

आज जोयडा गावातल्या घरी ओसरीवरची वाणी, तो शेकडो पायांचा किडा, झाडूने लोटली आणि कडू बदामासारखा वास सुटला. हा किडा डिवचला की बेन्झाल्डिहाइड सोडतो. त्या वासाने मी थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचलो.

एम.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बेन्झाल्डिहाइडपासून फ्लेवोन बनवायचं होतं. झाडांच्या पानाफुलांत सापडणारा हा पदार्थ. माझ्या बीकरच्या तळाशी मात्र नुसतं तेल साचलं होतं. बर्फात ठेवूनही स्फटिक येईनात. मी नापास होणार हे उघड होतं.

शेजारी बाजारकुणंग गावची शांता होती. "नुसत्या गारव्यानं दुधाचं दही होतंय व्हय रे? विरजण नको?" म्हणत तिने आपल्या फ्लेवोनचा एक कण माझ्या तेलात टाकला. बघता बघता त्या कणाभोवती पांढऱ्याशुभ्र सुया फुटल्या आणि बीकरभर पसरल्या. इतकं सुंदर मी पुन्हा काही पाहिलं नाही.

"कसं जमवलंस?" परीक्षकांनी विचारलं.

"बर्फात ठेवून, सर."

शांता हसू दाबत कुजबुजली, "शाबास रे बर्फा!"

पुढे प्राध्यापक झाल्यावर ही युक्ती मी स्वतःची म्हणून शिकवली. त्या सुया पाहून टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो, ते विरजण शांताचं होतं.