उसनं नाक

आमच्या ह्यांनी आमटीला नाव ठेवणं बंद केलं, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. सदाशिव पेठेतला नवरा, लग्नापासून रोज हिंग कमी म्हणणारा, आणि खाली लागलेली आमटी मुकाट्यानं ओरपून उठला! माणूस आतून आजारी असल्याशिवाय एवढा गुणी होत नाही.

आमचे हे, यज्ञेश्वर, जन्मभर साबणाच्या कारखान्यात सुगंध जुळवायच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर घरीच सेंट करायला लागले. खराडीतल्या आयटीवाल्या पोरापोरींना परदेशी सेंट हवा असतो, पण एका बाटलीत निम्मा पगार घालवायला जीव होत नाही. मग ती कुणाची तरी बाटली मागून आणतात. हे कागदाच्या पट्टीवर एक फवारा घेतात, डोळे मिटतात आणि महिनाभरात तसलाच वास तयार करून देतात, तोही साध्या चपलेच्या किमतीत. अगदी तोच आहे असं म्हणणार नाही, पण बसमध्ये कुणाला कळायचं नाही, असं हे तोंडावर सांगतात. तरी गिऱ्हाईक टिकून आहे.

दिवाळीत ह्यांना ताप येऊन गेला. त्यानंतर प्रत्येक पट्टी आधी माझ्या नाकाखाली यायला लागली. ह्यातली मूळ वासाच्या जवळची कुठली, म्हणून विचारायचे. मला आपलं कौतुक! म्हातारपणी का होईना, बायकोला अक्कल आहे हे कळलं म्हणायचं. पण मग मोरीमागे उंदीर मेला. मी पदर नाकाला लावून शोधतेय आणि हे तिथंच निवांत पेपर वाचतायत. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर पेपर आणखी वर धरला.

परवा दुधाकडे बघा असं बजावून मी मंडईत गेले. परतताना जिन्यातच गॅसचा वास आला. पिशवी तिथंच टाकली. बेल वाजवायची नाही एवढं भान राहिलं, किल्लीनं दार उघडलं. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, टेबलावर स्पिरिटच्या बाटल्या, आणि हे चहा करायला लायटर हातात घेऊन उभे.

"अहो, तो लायटर खाली ठेवा."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्यांनी ठेवला. मी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि फरशीवरच बसले. ते शेजारी येऊन बसले.

"काहीच येत नाही गं, मंदा. साबण नाही, मोगरा नाही. बाहेर कळलं तर माझ्याकडे कोण येईल?"

फसवून राबवून घेतलंत म्हणून चांगलं खडसावणार होते. पण ह्या माणसाला घाबरलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. काल डॉक्टरांना दाखवलं. वाट बघा म्हणाले, परत येईल, न येईल. तोवर पट्ट्या मी हुंगायच्या असं ठरलं.

आज सकाळी मला शिंक आली, मग दुसरी, मग तिसरी. ह्यांनी हातातली बाटली ठेवली आणि माझ्यासाठी काढा करायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. लायटर हातात घेतला आणि तसेच थांबले.

"मंदा, पेटवू ना? वास नाहीये ना?"

मी जोरात श्वास ओढून पाहिला. दोन्ही नाकपुड्या चोंदल्या होत्या.

"थांबा," मी म्हटलं आणि शेजारच्या सुशीलाबाईंना हाक मारायला धावले.